घराचे स्वप्न आणि त्याचे प्रमाण

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, रोजमेळ मिटला, की आमच्या व्यापारी घरांतून एक विषय हमखास निघतो : पेढीवरच्या माडीत आता संसार मावत नाही, घर बांधावयास हवे. मग कोणी तरी खतावणीचे कोरे पान घेऊन पेन्सिलीने नकाशा काढू लागतो. घर दहा वर्षांनी उभे राहो अथवा न राहो, त्या पानावर सर्व मंडळी त्याच रात्री राहावयास जातात. या सुखाला आम्ही नावे ठेवणार नाही.

जैन गृहस्थाच्या या स्वप्नास काही खास मागण्या असतात. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावयाचे, म्हणून स्वयंपाकघरास पश्चिमेची खिडकी हवी. दुकानातून घाईने येणाऱ्यास मावळतीचा तो उजेड फार उपयोगी पडतो. पाणी गाळण्यास ओटा हवा, आणि परसात विहीर असल्यास गाळण्यातील जिवाणी पुन्हा तिच्यातच सोडण्याची सोय हवी. दिगंबर कुटुंबास मुनींच्या आहारासाठी शुद्ध चौका व पडगाहनास उभे राहण्यापुरते मोकळे दार लागते. वर कोणाचा पाय पडू नये अशी चैत्यालयाची जागा तर आजी सर्वांआधी अडवून ठेवते. (न्हाणीघर मात्र उरलेल्या कोपऱ्यात जाते, आणि पुढे त्याचाच त्रास सर्वांस होतो.)

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख सोन्यारुप्याच्याही आधी येतो. जमीन किती, घर किती, हे श्रावकाने आधी ठरवावे आणि ती मर्यादा ओलांडू नये, असा त्याचा भाव आहे. आता प्रमाण ठरवावयाचे तर माणसे मोजणे आले, आणि आमची चूक नेमकी येथेच होते.

परिचयाच्या एका घरी काढलेल्या नकाशात माडीवर चार खोल्या होत्या. तीन मुलांच्या, चौथी 'पाहुण्यांची'. घरात दोन कन्या होत्या. "आम्ही पाहुण्या का?" असे धाकटीने विचारले तेव्हा सर्व हसले. पुढे वडील इच्छापत्र न करता गेले आणि तोच प्रश्न वकिलांच्या कचेरीत निघाला.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांसही लागू आहे. इच्छापत्र नसल्यास पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास पित्याची आई यांना समान हिस्सा तेव्हापासूनच आहे. परंतु राहत्या घराची वाटणी मुलगे करीपर्यंत मुलीस मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने ते तेविसावे कलम रद्द झाले, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद ठरली. त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

बाविसावे कलम व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वारसाने मिळालेल्या घरातील वा धंद्यातील हिस्सा एखादा वारस विकू लागल्यास, तो प्रथम विकत घेण्याचा हक्क उरलेल्या वारसांचा असतो. हिस्सा परक्याच्या हाती जाऊ नये, एवढी सोय त्यात आहे. किंमत मात्र मोजावीच लागते.

वर सांगितलेल्या घरी तसेच झाले. घरासाठी घेतलेला प्लॉट आणि जुनी माडी यांतील बहिणींचे हिस्से भावांनी रीतसर विकत घेतले. ती रक्कम पेढीच्या भांडवलातून काढावी लागली, आणि बांधकाम चार वर्षे लांबले. नवा नकाशा काढण्यास बसले तेव्हा दोघी बहिणींना मुद्दाम बोलावणे गेले होते. धाकटीने पश्चिमेची खिडकी तेवढी मोठी करून घेतली.