तार टीव्हीची, वीज अकरा हजारांची

विजेचा खांब वरून खाली वाचता येतो. शेंड्याला लोखंडी अँगलवर, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसवलेल्या तीन उघड्या तारा असतात. ही 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाईन. तिच्याखाली घरोघरी वीज देणारी लघुदाब लाईन, मग पथदिवा. आणि त्याच्याही खाली काळ्या केबलची भेंडोळी: टीव्हीची, इंटरनेटची, कुणाची तरी कनेक्शन तोडल्यावर तशीच लोंबत राहिलेली. वरच्या तारांना सगळेच भितात. खालच्या केबलला मात्र मुलंसुद्धा हात लावतात.

ऑगस्ट 2025 मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या शोभायात्रेतला रथ माणसं हाताने ढकलत नेत होती. विजेचा धक्का बसून पाच जणांचा जीव गेला. वापरात नसलेली एक केबल वरच्या 11 केव्ही लाईनच्या संपर्कात आली होती आणि तीच रथाला लागली, असं वीज अधिकाऱ्यांनी सांगितलं.

केबलमध्ये वीज नसते, हा समज अर्धाच खरा आहे. तिच्यात वीज सोडलेली नसते, पण बाहेरून आलेली वीज ती वाहून नेऊ शकते. टीव्हीच्या केबलच्या आत धातूची तार असते आणि तिच्याभोवती धातूची जाळी. फायबरमधल्या काचेतून वीज जात नाही, पण दोन खांबांच्या मध्ये फायबर पेलण्यासाठी सोबत पोलादी तार घेतली असेल, तर तिच्यातून जाते. शिवाय स्पर्श व्हायलाच हवा असंही नाही. उच्चदाब लाईनमधला प्रवाह जमिनीत उतरू लागला, की तिला समांतर धावणाऱ्या टेलिफोनच्या तारांमध्ये नुसत्या प्रवर्तनाने व्होल्टेज चढतं. त्यासाठीच आपल्याकडे वीज आणि दूरसंचार या दोन्ही बाजूंची पीटीसीसी नावाची संयुक्त समिती आहे. नव्या उच्चदाब लाईनचा मार्ग ती तपासते.

नियमांनी हा धोका फार आधी ओळखला होता. एकाच खांबावर वीज आणि टेलिफोनच्या तारा असतील तर स्पर्श, गळती आणि प्रवर्तन या तिन्हींपासून माणसाला संरक्षण हवं, असं 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतच म्हटलेलं आहे. अमेरिकेची सुरक्षा संहिता पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आकाराला आली. तिथे खांबावरच्या वीजतारा आणि दूरसंचाराच्या तारा यांच्यामध्ये साधारण चाळीस इंचांचा मोकळा पट्टा ठेवतात. टेलिफोनचं काम करणाऱ्याचं डोकं आणि हात विजेपर्यंत पोहोचू नयेत, एवढ्यासाठी तो राखलेला असतो. आपल्या गल्ल्यांमध्ये असा पट्टा शोधावाच लागतो. केबल टाकणारा पोरगा सायकलच्या ट्यूबचे हातमोजे घालून शिडीवर चढतो, आणि त्याच्या डोक्यावर काय आहे हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. संतापाची गोष्ट खरं तर ही आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या नियमांत तारांची अंतरं ठरवून दिलेली आहेत. रस्ता ओलांडणारी लघुदाब तार जमिनीपासून किमान 5.8 मीटर उंच हवी, 11 केव्हीची 6.1 मीटर. इमारतीपासून 11 केव्हीची उघडी तार आडवी 1.2 मीटर आणि छताच्या वर 3.7 मीटर. उभं अंतर मोजायचं ते तारेला जास्तीत जास्त झोळ पडलेला असताना, कारण उन्हाने आणि वाढत्या भाराने ॲल्युमिनियमची तार लांबते आणि खाली येते. थंडीच्या सकाळी टेपने मोजून बांधलेली गॅलरी मे महिन्यात नियमाबाहेर जाऊ शकते. जुन्या घरावर मजला चढवताना ही चूक सर्रास होते.

खांबाला तोलून धरणाऱ्या तिरक्या ताणाच्या तारेत मध्येच चिनी मातीचं एक अंडं दिसतं. तार अर्थिंगला जोडलेली नसेल, तर नियमाप्रमाणे ते जमिनीपासून निदान तीन मीटरवर हवं. वरून उतरलेली वीज तिथेच अडावी म्हणून ते असतं. गावात त्याच तारेला म्हैस बांधतात, त्यावर धुणं वाळत घालतात. अंडं फुटलेलं असेल तर कळायला मार्ग नसतो.

लाईनमनच्या जिवासाठीचे नियम वेगळेच आहेत. आधी परमिट, मग पुरवठा बंद केल्याची खात्री, तारेत वीज नाही याची चाचणी, आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा अर्थिंगला जोडणं. उपकेंद्रातून लाईन बंद केली तरी एखाद्या दुकानातला चुकीचा जोडलेला जनरेटर रोहित्रातून उलटी वीज पाठवतो, आणि लघुदाबाचे व्होल्ट उच्चदाबाचे होऊन लाईनमनच्या हातात येतात. जनरेटर लावणाऱ्याने चेंजओव्हर स्विच बसवला तर हा प्रश्नच उरत नाही.

जबाबदारीचं काय? 23 ऑगस्ट 1997 च्या रात्री मध्य प्रदेशात पावसाचं पाणी साचलेल्या रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेमुळे एक सायकलस्वार मेला. कुणीतरी चोरून आकडा टाकला होता आणि त्याची तार निसटून पडली, आमचा दोष नाही, असा बचाव वीज मंडळाने केला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2002 मध्ये तो फेटाळला. इतकी धोकादायक गोष्ट जो पुरवतो, त्याने तिच्यावर लक्षही ठेवायचं असतं. निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई द्यावी लागते.

खांबावर केबल बांधणाऱ्या कंपन्यांनाही हाच न्याय लागू व्हायला हवा. प्रत्येक केबलवर मालकाचं नाव असावं आणि बंद पडलेली केबल ठरलेल्या मुदतीत उतरवलेली असावी. तोवर रस्त्यात तुटलेली किंवा लोंबती तार दिसली, मग ती कुठलीही असो, तर दूर थांबून इतरांना अडवावं आणि 1912 या क्रमांकावर खांब क्रमांकासह कळवावं. तार ओल्या जमिनीवर पडली असेल आणि आपण जवळ असू, तर पावलं एकमेकांना चिकटवून, सरकत मागे यावं. दोन पाय लांब टाकले की त्यांच्यामधल्या जमिनीतल्या व्होल्टेजच्या फरकामुळे वीज अंगातून जाते.