बँकॉकचे वार्तापत्र : तीस बाटचे मत

बँकॉकमध्ये टॅक्सी हाकणारे, बांधकामावर राबणारे, पदपथावर कच्च्या पपईचे तिखट सॅलड कुटून विकणारे कितीतरी लोक ईशान्येकडच्या इसान भागातले. वर्षानुवर्षे इथे राहूनही अनेकांची घरनोंदणी गावाकडेच असते आणि मतही गावाकडच्याच मतदारसंघात मोजले जाते. राजधानी यांच्या श्रमावर चालते. राजधानीच्या मतमोजणीत मात्र हे नसतात.

थाक्सिन शिनावात्रा 2001 मध्ये निवडून येऊन थायलंडचे पंतप्रधान झाले, त्यात या खेड्यांच्या मतांचा वाटा मोठा. गडी दूरसंचार व्यवसायातला अब्जाधीश, गरिबांचा कैवारी शोभावा असा अजिबात नव्हे. पण दवाखान्यात एका खेपेला फक्त तीस बाट, गावागणिक दहा लाख बाटचा कर्जनिधी, शेतकऱ्यांच्या कर्जवसुलीला तीन वर्षे स्थगिती, ही आश्वासने त्यांनी दिली आणि नवल म्हणजे पाळली. 2005 मध्ये 500 पैकी 377 जागा मिळाल्या त्या उगाच नाहीत.

पुढच्याच जानेवारीत त्यांच्या कुटुंबाने शिन कॉर्पोरेशन या आपल्या दूरसंचार कंपनीतला हिस्सा सिंगापूरच्या सरकारी टेमासेक कंपनीला सुमारे 73 अब्ज बाटला विकला, एक बाटही कर न भरता. पगारातून कर कापला जाणारा बँकॉककर खवळला. हा राग खोटा नव्हता. थाक्सिन सरकारच्या 2003 च्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत दोन हजारांवर माणसे मारली गेली होती, तेही विसरता येत नाही. पण 19 सप्टेंबर 2006 ला लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा याच शहराने रणगाड्यांवरच्या सैनिकांना फुले दिली. 2008 मध्ये तर थाक्सिनविरोधी पिवळ्या शर्टवाल्यांचे नेते बहुतांश सदस्य नेमलेलेच असावेत अशी संसद मागू लागले. कारण काय, तर खेडुतांची मते विकत घेता येतात! थाक्सिनसमर्थक लाल शर्टवाल्यांना ‘रेडे’ म्हणून हिणवण्यात सुशिक्षितही मागे नव्हते. 2010 मध्ये लाल शर्टवाल्यांनी बँकॉकमधला राचप्रसोंगचा श्रीमंत बाजारचौक अडवला; त्या आंदोलनात नव्वदहून अधिक माणसे मेली.

तरीही सरळ श्रीमंत विरुद्ध गरीब अशी वाटणी करू नये. दक्षिणेतले रबर पिकवणारे शेतकरी आणि वीज कंपनीच्या खासगीकरणाविरुद्ध लढलेले कामगार पिवळ्यांबरोबर होते. ऑगस्ट 2023 मध्ये तर थाक्सिन यांच्याच पक्षाने लष्कराच्या गोटातल्या पक्षांना घेऊन पंतप्रधानपद मिळवले. थाक्सिन परदेशातून मायदेशी परतले तेही त्याच दिवशी.

तीस बाटची योजना मात्र कुणीही मोडली नाही. 2006 च्या लष्करनियुक्त सरकारने तर ते तीस बाटही माफ करून टाकले.