तंतुवाद्यांवरील जडावकाम : मिरजेचा तंबोरा आणि पाश्चात्य गिटार

१. प्रश्नाचे स्वरूप

तंबोऱ्याच्या गळ्यावरील पाने, तबलीच्या कडेने फिरणारी पांढरी वेलपत्ती आणि दांडीच्या दोन्ही अंगांनी धावणारी रेघ यांकडे आपण सामान्यतः शोभेचा भाग म्हणून पाहतो. संगीताचा अभ्यासक ही नक्षी ओलांडून सरळ नादाकडे वळतो. कलेतिहासाचा अभ्यासक मंदिरे, चित्रे व धातुमूर्ती यांत गुंतलेला असल्यामुळे वाद्याकडे क्वचितच येतो. परिणामी वाद्यावरील जडावकाम हा विषय दोन्ही शास्त्रांच्या सीमेवर उपेक्षित राहिला आहे.

ही नक्षी कारागिराच्या लहरीवर सोडलेली नसते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ती कोठे असावी, तिचे तुकडे केवढे असावेत आणि ती कोणत्या द्रव्याची असावी, हे बऱ्याच अंशी नाद, सांधे आणि लाकडाचा स्वभाव यांनी ठरविलेले असते. म्हणूनच जुन्या वाद्यावरील जडाव हा त्या वाद्याच्या घडणीचा एक पुरावा ठरतो. हे स्पष्ट व्हावे म्हणून मिरजेच्या तंबोऱ्याशेजारी पाश्चात्य गिटार ठेवून पाहणे उपयुक्त होईल. दोन्ही वाद्ये पोकळ कायेची व पातळ पृष्ठफळीची आहेत. दोन्हींवर जडावाची दीर्घ परंपरा आहे. आणि परस्परांशी फारसा संबंध नसताना दोन्ही ठिकाणचे कारागीर पुष्कळ वेळा एकाच निर्णयाला येऊन पोहोचले आहेत.

२. मिरजेची परंपरा

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला, असे मानले जाते. तेथील परंपरेनुसार पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाखाली फरीदसाहेब शिकलगार यांनी प्रथम तंबोऱ्यांची दुरुस्ती व पुढे निर्मिती हाती घेतली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे कारागीर. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर हा हात वाद्यांकडे वळला. पोलादाच्या धारेची पारख असलेल्या घराण्यांना कोरणी आणि पटाशी परकी वाटली नसणार, एवढे अनुमान करण्यास हरकत नाही. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्यासारख्या गायकांच्या वास्तव्यामुळे मिरजेस चोखंदळ गिऱ्हाईक घरबसल्या लाभले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले.

तंबोऱ्याची रचना थोडक्यात अशी : कडू भोपळ्याचा तुंबा, त्यावर झाकणासारखी बसविलेली किंचित फुगीर लाकडी तबली, तुंबा व दांडी यांना जोडणारा गळा, पोकळ दांडी आणि वरच्या टोकाला खुंट्या. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात पिकणारे भोपळे आणि तुनीचे लाकूड ही मिरजेची प्रमुख सामग्री होय. भोपळा हा वनस्पतीचा, तबली व दांडी झाडाची. या भिन्न स्वभावाच्या वस्तू एकत्र सांधल्या जातात. सांधे कोठे आहेत हे लक्षात ठेवावे, कारण नक्षीचा मागोवा आपल्याला तेथेच घेऊन जाणार आहे.

३. जडावाचे तीन प्रकार

बोलीत ज्याला सरसकट 'नक्षी' म्हणतात तिच्यात तीन निरनिराळ्या क्रिया मिसळलेल्या असतात. अभ्यासकाने त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिला प्रकार खऱ्या जडावाचा. यात लाकूड आकृतीच्या बेताने खोदून कोंदण तयार करतात, तुकडा त्यात बसवितात आणि दोन्ही पृष्ठे घासून एकसमान करतात. दुसरा प्रकार आच्छादनाचा. यात पातळ पत्रा लाकूड न खोदता किंवा नाममात्र खोदून वरून चिकटविला जातो. तिसरा प्रकार कोरून भरण्याचा. यात पांढऱ्या पट्टीवर बारीक रेषा कोरतात, त्यांत काळी किंवा रंगीत लाख भरतात आणि वरचा भाग घासून काढला की रेषा तेवढी उरते. आज मिरजेच्या वाद्यांवर दिसणाऱ्या नक्षीत दुसरा व तिसरा प्रकार बहुधा एकत्र नांदतात.

गिटारवरील जडाव मुख्यतः पहिल्या प्रकारचा आहे. त्याची कृती सांगण्यासारखी आहे. मोतीशिंपल्याचा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा घेऊन त्यावर आकृतीचा कागद चिकटवितात. त्रिकोणी खाच पाडलेल्या फळीवर तो धरून सोनाराच्या तारेसारख्या बारीक करवतीने आकृती कापतात. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळे तोंडावर आवरण आणि धूळ शोषून घेणारी व्यवस्था आवश्यक असते. कापलेला तुकडा लाकडावर ठेवून त्याची कड सुईने आखतात, आखणीच्या आतले लाकूड तुकड्याच्या जाडीहून किंचित कमी खोलीपर्यंत काढतात आणि आबनुसाची भुकटी मिसळलेल्या सरसाने तो बसवितात. लाकूड काळे असल्यास उरलेली फट या भुकटीत नाहीशी होते. आबनूस व शिसवीसारखी गडद लाकडे जडावास प्रिय का, याचे अर्धे उत्तर विरोधी रंगांत आहे आणि अर्धे या झाकल्या जाणाऱ्या फटीत आहे.

४. स्थानाचा नियम

जडाव कोठे असतो? तंबोऱ्यावर तो तबलीच्या कडेने, गळ्यावर, दांडीच्या कडांवर आणि खुंट्यांच्या बाजूस असतो. गिटारवर तो नादरंध्राभोवती, कायेच्या कडेने, पडद्यांच्या पट्टीवर आणि खुंट्यांच्या फळीवर असतो. दोन्ही ठिकाणी एक जागा बहुधा रिकामी राहते : घोडीच्या सभोवतालचा पृष्ठफळीचा मध्यभाग.

याचे कारण भौतिक आहे. तारेचे कंपन घोडीतून पृष्ठफळीस मिळते. फळी कडेला सांधलेली असल्यामुळे तेथे तिची हालचाल अत्यल्प असते. घोडीच्या परिसरात ती अधिक असते. आता वजनाचा हिशेब करू. तुनीचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ०.५, सेल्युलॉइडचे १.४, हस्तिदंताचे १.८ आणि मोतीशिंपल्याचे २.७ आहे. दीड मिलिमीटर जाडीचा आणि १० चौरस सेंटिमीटर क्षेत्राचा शिंपला सुमारे ४ ग्रॅम भरतो. तेवढ्याच आकारमानाचे लाकूड पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एवढ्याशा नक्षीने तीन ग्रॅमांहून अधिक भार वाढला. व्हायोलिनच्या घोडीवर काही ग्रॅमांची चाप बसविली तरी स्वर दबतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या भाराचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तोच भार कडेवर पडला तर कानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

नक्षीला दूर ठेवण्याइतकेच तिला जवळ बोलावण्याचेही कारण असते. तबली व तुंबा यांचा सांधा, तुंबा व गळा यांचा सांधा, गळा व दांडी यांचा सांधा, या सर्व जागा डोळ्याला खुपणाऱ्या आणि हवेला व ओलाव्याला मोकळ्या असतात. नक्षीची पट्टी त्यांवरून जाते तेव्हा ती सांधा झाकते व कडेला आधारही देते. गिटारच्या नादरंध्राची कड म्हणजे लाकडाचे उघडे पडलेले तंतू. तेथून फळीस चीर जाण्याचा संभव असतो. भोवतालचे जडविलेले वलय ही कड बळकट करते. व्हायोलिनच्या कडेने बसविलेली बारीक पट्टीही काठावरची चीर आत सरकू देत नाही.

स्त्रादिव्हारीने १६७९ मध्ये घडविलेले 'हेलियर' नावाचे व्हायोलिन या दृष्टीने बोलके आहे. त्याच्या कडेला नेहमीच्या पट्टीऐवजी काळ्या लुकणात बसविलेले हस्तिदंताचे चौकट व ठिपके आहेत. बाजूच्या पट्ट्यांवर आणि डोक्यावर वेलबुट्टी आहे. मध्यभाग मात्र कोरा आहे. मार्टिन कंपनीच्या १९०४ च्या सुमारास प्रचारात आलेल्या '४५' या उंची शैलीतही शिंपल्याची पट्टी कडेकडेने फिरते. त्याच कंपनीने १९३३ मध्ये जीन ऑट्री या गायकासाठी घडविलेल्या मोठ्या गिटारवर त्याचे नाव शिंपल्याच्या अक्षरांत जडविले, ते पडद्यांच्या पट्टीवर.

या नियमाला अपवाद आहेत. सतराव्या शतकातील कित्येक युरोपीय गिटारांच्या पृष्ठफळीवर घोडीच्या दोन्ही टोकांना वेलीचे झुपके असत. विसाव्या शतकात आलेल्या भरीव विद्युत्-गिटारने तर हा निर्बंध बराच सैल केला. तिचा नाद पोकळ कायेवर अवलंबून नसल्यामुळे जडाव सर्वत्र पसरू शकला. अपवाद नेमके तेथे उद्भवतात जेथे पृष्ठफळीची जबाबदारी कमी होते. त्यामुळे मूळ नियमास त्यांनी बाध येण्याऐवजी पुष्टीच मिळते.

५. द्रव्य आणि आकृती

आता आकृतीकडे वळू. जुन्या जडावात पाने, ठिपके, चौकट आणि कळ्या अशा लहान घटकांची पुनरावृत्ती आढळते. याला परंपराप्रियता हे कारण पुरेसे नाही. लाकूड पावसाळ्यात तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शिंपला जवळजवळ आहे तसाच राहतो. आडवी लांबलचक पट्टी बसविली तर काही ऋतूंत ती उचलली जाईल किंवा तडकेल. लहान तुकड्यांत ही तफावत विभागली जाते. शिवाय गळा आणि तुंबा दोन दिशांनी वक्र आहेत; शिंपला वा दंत वाकत नाही. वक्र पृष्ठावर कठीण द्रव्य बसवावयाचे तर तुकडे लहानच हवेत. वेलीची कल्पना ही म्हणूनच सोयीची : पाने सुटी असूनही डोळा त्यांना एका देठावर ओवतो.

गिटारच्या पट्टीवरील आकृतीस आणखी एक बंधन आहे. धातूचे पडदे तिचे कप्पे करतात. मोठे चित्र जडविले तर पडदा त्यातून आरपार जातो. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या व बाराव्या कप्प्यातील ठिपके वादकाला जागा दाखवितात, म्हणजे येथे शोभा ही खूणही आहे. तंबोऱ्याला पडदे नाहीत. त्याच्या दांडीवरील रेघ अखंड धावते आणि वाद्याची उंची डोळ्याला अधिक भासविते.

सेल्युलॉइडचा प्रवेश झाल्यावर हे व्याकरण बदलले. १८७० च्या सुमारास अमेरिकेत व्यापारी स्वरूपात आलेले हे द्रव्य हस्तिदंताची जागा घेण्यासाठीच प्रथम पुढे आले. ते उष्णतेने मऊ होते, वाकते आणि लांब पट्ट्यांत मिळते. साहजिकच सुट्या पानांची जागा अखंड पट्टीने घेतली आणि तुकड्यांतून घडणारी आकृती पट्टीवर कोरलेल्या रेषेतून घडू लागली. म्हणजे जडावाचे चित्र झाले. हा बदल स्वस्ताईचा तर आहेच, पण तो आकृतीच्या विचारसरणीतीलही आहे.

६. द्रव्यांतर आणि कायदा

हस्तिदंत मागे पडण्यास किंमत जशी कारण झाली तसा कायदाही. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. १९८६ च्या दुरुस्तीने संरक्षित प्राण्यांच्या अवयवांचा देशांतर्गत व्यापार थांबला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही. ही बंदी सर्वथा योग्य आहे. हत्तीच्या जिवापेक्षा तंबोऱ्याची कड मोलाची नव्हे. तिचा एक अनपेक्षित परिणाम मात्र अभ्यासकाने ध्यानात घ्यावा. जुन्या वाद्यावरील दंत ही मालकाला अडचणीची वस्तू वाटू लागते. दुरुस्तीच्या वेळी तो काढून नवी प्लॅस्टिकची पट्टी बसविणे सोपे जाते. वाद्य पुन्हा उजळ दिसते आणि कोणाचीच तक्रार राहत नाही. पण काढलेल्या जडावाबरोबर त्याच्या कोंदणाची खोली, हत्याराच्या खुणा आणि मूळ सरस हे सर्व नाहीसे होते.

७. नोंदीची निकड

तंबोऱ्याच्या नादाचा शास्त्रीय अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या १९२१ च्या निबंधाने सुरू केला. घोडीचा वक्र माथा आणि जव्हारी यांवर तेव्हापासून बरेच लिहिले गेले. जडावाच्या बाबतीत आपण अद्याप वर्णनाच्या पायरीवरही पोहोचलेलो नाही. भौगोलिक निर्देशांक नावाचे रक्षण करतो. हाताच्या कौशल्याची नोंद हे स्वतंत्र काम आहे आणि ते विद्यापीठांनी करावयाचे आहे.

या कामास मोठ्या साधनांची गरज नाही. पातळ कागद नक्षीवर ठेवून मऊ पेन्सिलीने घेतलेला ठसा, घोडीपासूनची अंतरे दाखविणारा मापांकित आराखडा आणि तिरप्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे एवढ्याने आरंभ होतो. द्रव्य ओळखण्यासाठी भिंग पुरते. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर परस्परांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळसर छिद्रे वा रेघा दिसतात. शिंपल्याची झळाळी दृष्टिकोनाबरोबर बदलते. सेल्युलॉइड बोटाने घासून गरम केले की बहुधा कापराचा वास येतो. तापलेल्या सुईची परीक्षा मात्र कधीही करू नये, कारण सेल्युलॉइड ज्वालाग्राही आहे. जडाव खरा आहे की आच्छादनाचा, हे एखाद्या निखळलेल्या तुकड्याखालील कोंदण पाहून कळते. म्हणून रिकामी झालेली जागा भरण्याआधीच तिची नोंद व्हावयास हवी.

अशा शंभरएक वाद्यांची नोंद जमली तर आपल्याला पुष्कळ प्रश्नांची उत्तरे देता येतील : दंताकडून सेल्युलॉइडकडे जाताना तुकड्यांची लांबी कशी बदलली, घोडीभोवतालचे मोकळे क्षेत्र कमी झाले की कायम राहिले, आणि एकाच हाताची नक्षी निरनिराळ्या वाद्यांवर ओळखता येते काय. वाद्यावर कारागिराची सही नसते तेथे नक्षी हीच त्याची सही असण्याचा संभव आहे. दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेस ती थोडी थोडी पुसली जात आहे. हे काम या पिढीने हाती घेतले पाहिजे. पुढील पिढीला वाद्ये मिळतील, परंतु त्यांवरील मूळ जडाव मिळेलच असे नाही.