जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स : दुरुस्त करावा की बदलावा?



मागील तिमाहीच्या खर्चाच्या विवरणात ‘पिकअपचा गिअरबॉक्स बदलणे’ अशी एक ओळ होती. ती वाचून काही देणगीदारांनी प्रेमाने विचारणा केली. इतकी जुनी गाडी अजून ठेवायची कशाला? गिअरबॉक्स दुरुस्त झाला नसता का? आणि भंगार बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स आणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे नव्हे का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. डोंगरी भागात सेवा करणाऱ्या इतर केंद्रांतही अशाच जुन्या गाड्या आहेत, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

गाडी जुनी, पण कामाची

आपली पिकअप महिंद्राची आहे. डिझेल इंजिन, चार गिअर आणि चारही चाकांना जोर देणारी. महिंद्राने भारतात विलिस जीप जोडायला १९४७ मध्ये सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षे त्याच घडणीच्या जीप व पिकअप बनवल्या. जाड लोखंडी चॅसी, त्यावर वेगळी बॉडी, पाट्यांचे स्प्रिंग. या गाड्यांना वेग नाही, आराम तर नाहीच. पण तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही जाणता मिस्त्री त्या उघडू शकतो आणि त्यांचे सुटे भाग अजून मिळतात. पंधरा वर्षांनंतर आर.टी.ओ.कडे तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. गाडी धडधाकट ठेवणे ही त्यामुळे कायद्याचीही गरज आहे.

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे कित्येक पाडे आहेत. पावसाळ्यात तिथला रुग्ण बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. रुग्णवाहिका खाली थांबते. त्या दोन टोकांच्या मधले अंतर जितके गाडीने कापता येईल, तितके खांद्यावरचे ओझे कमी होते. सिकलसेलच्या रुग्णांची औषधे, बियाणे, वसतिगृहाचे धान्य हे सगळे याच पिकअपने वर जाते. आणि चढण्याइतकेच उतरणेही महत्त्वाचे आहे. भरलेल्या गाडीने चांदसैलीसारखा घाट उतरताना गिअर अचानक सुटला, तर इंजिनाची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आपल्या पिकअपचा तिसरा गिअर उतारावर सुटू लागला होता. म्हणून तिच्यात माणसे बसवणे आम्ही त्याच दिवशी बंद केले.

गिअरबॉक्स करतो काय?

इंजिन भराभर फिरते, पण त्याच्या एका फेऱ्यात जोर थोडा असतो. चढावर भरलेली गाडी ओढायला वेग कमी आणि जोर जास्त लागतो. समजा, पंधरा दात्यांचे चक्र पंचेचाळीस दात्यांच्या चक्राला फिरवते. लहान चक्राचे तीन फेरे होतील तेव्हा मोठ्याचा एक होईल. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला, पण पिळण्याचा जोर सुमारे तिप्पट झाला. विहिरीच्या मोटेपासून उसाच्या चरकापर्यंत आपण हाच सौदा करत आलो आहोत.

पेटीत मुख्यतः तीन दांडे असतात. क्लचकडून जोर घेणारा पुढचा दांडा, त्याच्याशी कायम जोडलेला खालचा ले-शाफ्ट आणि चाकांकडे जोर नेणारा मेन शाफ्ट. खालच्या गिअरमध्ये जोर ले-शाफ्टमधून फिरून येतो. चौथ्या म्हणजे टॉप गिअरमध्ये पुढचा दांडा आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात. दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे भाग न भांडता जोडले जावेत म्हणून मध्ये पितळी सिंक्रो रिंग असते. ती आधी घासून दोघांचा वेग सारखा करते, मग गिअर पडतो. जुन्या विलिस जीपच्या टी-९० या तीन गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, म्हणून गाडी पूर्ण थांबवूनच पहिला गिअर टाकावा लागे.

आधी निदान, मग पाना

आवाज आला की ‘गिअरबॉक्स गेला’ असे म्हणून पेटी उतरवू नये. पुष्कळदा दोष क्लचचा असतो. काही साध्या परीक्षा कोणालाही करता येतात.

१. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. क्लच दाबल्यावर आवाज थांबला, तर संशय पेटीच्या पुढच्या दांड्याच्या किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे.

२. इंजिन जोरात ओरडते पण गाडी तितकी पळत नाही, तर बहुधा क्लच प्लेट घसरते आहे. पेटीचा त्यात दोष नसतो.

३. एकाच गिअरमध्ये टकटक होत असेल, तर त्या गिअरचा दाता तुटला असण्याचा संभव.

४. खालच्या गिअरमध्ये घरघर आणि टॉपमध्ये शांतता, तर ले-शाफ्ट तपासावा. टॉपमध्येही आवाज कायम असेल आणि उभ्या गाडीत तो नसेल, तर मेन शाफ्टचे मागचे बेअरिंग किंवा ट्रान्स्फर केस पाहावी.

५. शेवटी तेल काढून पाहावे. पितळेची किंचित चमक झिजेमुळे असते. पोलादाचे कण किंवा तुकडे निघाले तर पेटी उघडलीच पाहिजे. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे.

आपल्या पिकअपमध्ये चौथे लक्षण होते आणि तेलात पोलादाचे तुकडे सापडले. मूळ कारण मात्र वेगळेच निघाले. गिअरबॉक्स आणि त्यामागची ट्रान्स्फर केस यांच्या मधले ऑइल सील फाटले होते. पेटीतले तेल हळूहळू मागच्या केसमध्ये जात राहिले. जमिनीवर एक थेंब पडत नव्हता. पेटी कोरडी पडत होती आणि मागची केस गरजेपेक्षा जास्त भरत होती. चार चाकांच्या जोराची जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी आणि दोन्ही ठिकाणची तेलाची पातळी तपासावी.

दुरुस्ती की बदली?

नुसती बेअरिंग, सील आणि सिंक्रो रिंग झिजल्या असतील, तर दुरुस्तीच करावी. ती स्वस्त पडते आणि आपली ओळखीची पेटी टिकते. आमच्या मिस्त्रीभाऊंनीही आधी तोच विचार केला होता. पण पेटी उघडल्यावर दिसले की बेअरिंग जिथे घट्ट बसते, ती कवचातली गोल जागाच झिजून लांबट झाली होती. अशा जागेत नवे बेअरिंग बसवले तरी ते स्वतःच फिरू लागते. दांडा हलतो आणि गिअर पुन्हा सुटतो. शिवाय ले-शाफ्टचे दाते तुटले होते, आणि तो संपूर्ण दांडा एकसंध असल्यामुळे एक दाता गेला तरी सगळाच बदलावा लागतो. कवच आणि ले-शाफ्ट दोन्ही गेल्यावर दुरुस्तीचा खर्च चांगल्या वापरलेल्या पेटीच्या वर जात होता. बदलीचा निर्णय तिथे झाला.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला आपण सर्व जाणतो. नवी पिकअप घ्यायची तर खर्च लाखांत जातो, आणि तो निधी वसतिगृहाच्या व आरोग्याच्या कामातूनच काढावा लागला असता. इंजिन, चॅसी आणि डिफरन्शिअल धड असताना तसे करणे आम्हांला विश्वासू कारभारीपण वाटले नाही.

वापरलेली पेटी घेताना

मुंबईच्या कुर्ल्यासारख्या ठिकाणी आणि अनेक शहरांच्या भंगार बाजारांत जुन्या पेट्या मिळतात. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून जुनी पेटी सोबत न्यावी, निदान मापे आणि फोटो तरी न्यावेत. पुढच्या दांड्याची लांबी, त्यावरच्या खाचांची संख्या व जाडी, बेल हाउसिंगच्या बोल्टांची जागा, मागच्या जोडणीचा आकार आणि स्पीडोमीटरच्या केबलची जागा जुळली पाहिजे. यातले एकही जुळले नाही तर ‘बसवून देतो’ या शब्दावर विसंबू नये.

वरचे झाकण काढून प्रत्येक दाता पाहावा, दांडा वर-खाली हलवून ढिलाई तपासावी, सगळे गिअर हाताने टाकून पाहावेत. नुकतेच भरलेले स्वच्छ तेल दिसले की जास्त सावध व्हावे. नोंदणी पुस्तकात इंजिन आणि चॅसीचे क्रमांक असतात, पेटीचा नसतो. तरीही पक्के बिल घ्यावे. माल चोरीचा नाही याचा तोच पुरावा, आणि आपल्या लेखापरीक्षणालाही तोच लागतो.

काढताना आणि बसवताना

काम मिस्त्रीनेच करावे. पण केंद्राच्या जबाबदार माणसाने शेजारी उभे राहावे आणि सुरक्षेकडे लक्ष द्यावे. या जातीच्या अनेक जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकात नसून ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की हँडब्रेकही गेला आणि गिअरची अडवणही गेली. गाडी मोकळी होते. म्हणून आधी सपाट जागा, चारही चाकांना लाकडी उटी आणि चॅसीखाली पक्क्या घोड्या हव्यात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

मग बॅटरीची वायर काढावी, तेल काढावे, जोडांवर खुणा करून शाफ्ट सोडावेत आणि इंजिनाला मागून आधार द्यावा. पेटी सरळ मागे ओढावी. तिचे वजन पुढच्या दांड्यावर लटकू दिले तर क्लच प्लेट वाकते.

पेटी खाली उतरली की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचे मागचे सील आणि पुढच्या दांड्याचे टोक पेलणारे लहान बुश तपासावे. झिजलेले असेल ते तेव्हाच बदलावे. नाहीतर चार महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. नवे सील न घालता पेटी चढवणे म्हणजे जुनाच बिघाड पुन्हा बोलावणे. चढवताना पेटी हातांनी सरकत जाऊन इंजिनाला टेकली पाहिजे. थोडी फट राहिली तर बोल्ट आवळून ओढू नये. फट राहिली याचा अर्थ क्लच प्लेट मधोमध नाही. तशीच ओढली तर कवचाला तडा जातो.

तेल, पाणी आणि सवय

जुन्या पेटीत कंपनीने सांगितलेलेच तेल घालावे. बहुतेक अशा पेट्यांना ९० नंबरचे, जी.एल.-४ प्रतीचे गिअर तेल चालते. डिफरन्शिअलसाठीचे जी.एल.-५ ‘जास्त भारी’ म्हणून पेटीत घालू नये. त्यातली काही रसायने पितळी रिंगांना मारक ठरू शकतात. बाजूच्या भोकातून बोट घातल्यावर तेल काठाशी लागले म्हणजे पातळी बरोबर. वापरलेली पेटी बसवल्यावर सुमारे पाचशे किलोमीटरनंतर तेल एकदा बदलणे चांगले.

पावसाळ्यात ओढा ओलांडण्याआधी गाडी थोडी थंड होऊ द्यावी. तापलेली पेटी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि हवेच्या छिद्रातून किंवा सैल सीलमधून पाणी आत ओढले जाते. खोल पाण्यातून आल्यावर तेलाचा रंग पाहावा. वाहन चालवणाऱ्या दादांसाठी दोनच गोष्टी : गिअर बदलला की हात दांडीवर ठेवू नये, कारण त्या भाराने आतला फोर्क झिजतो, आणि उतारावर कधीही न्यूट्रल करू नये.

आता आपल्या केंद्रात गाडीच्या वहीत दर महिन्याला चार ठिकाणच्या तेलाची नोंद होते : गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शिअल. ही वही देणगीदारांना केव्हाही पाहायला मिळेल. इतर केंद्रांनीही पावसाळ्यापूर्वी एवढी तपासणी जरूर करून घ्यावी.

प्रार्थनेसाठी

घाटातून रोज ये-जा करणाऱ्या आपल्या चालकांसाठी, पाड्यांवरच्या गरोदर माता आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी, तसेच तेलकट हातांनी गाडीखाली झोपून काम करणाऱ्या मिस्त्रीभाऊंसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी प्रार्थना करावी. पिकअप पुन्हा वर जाऊ लागली आहे. तिसरा गिअर आता उतारावर टिकतो.