ग्रॅफीन आणि उत्प्रेरक

शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. तिच्या कांडीत मातीत मिसळलेले ग्रॅफाइट असते, आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचेच एक स्फटिकरूप होय. त्यातील अणू षट्कोनी जाळीच्या पापुद्र्यांत मांडलेले असतात. पापुद्र्यातील बंध अतिशय बळकट, परंतु दोन पापुद्र्यांमधील ओढ दुबळी. म्हणूनच कागदावर घासताच ते सुटे होतात. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख पापुद्रे मावतात. त्यांपैकी एकट्या पापुद्र्यास ग्रॅफीन असे म्हणतात.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक सर के. एस. कृष्णन यांनी दिल्लीस येण्यापूर्वीच ग्रॅफाइटचा कसून अभ्यास केला होता. गांगुली यांच्यासह १९३९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, ग्रॅफाइटमधून पापुद्र्याच्या दिशेने वीज जितकी सहज वाहते, तितकी ती आडव्या छेदाने वाहत नाही. दोहोंत हजारो पटींचे अंतर आहे. पापुद्रा हे जणू स्वतंत्र राज्यच आहे, हे यावरून सूचित होत होते. तो प्रत्यक्ष वेगळा करून त्याचे गुणधर्म मोजण्याचे काम मात्र २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी केले, आणि तेही साध्या चिकटपट्टीने! त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उत्प्रेरकाकडे वळू. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ तो उत्प्रेरक. घन उत्प्रेरकाचे सारे कार्य पृष्ठभागावर चालते. मोटारींच्या धूरनळीत प्लॅटिनमसारख्या धातूंचे उत्प्रेरक बसविण्यासाठी १९९५ मध्ये दिल्लीत शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, ते याच कारणाने. शिशाचा थर चढला की पृष्ठभाग निकामी होतो.

दिल्लीत सप्टेंबर २०२३ मध्ये हायड्रोजनवर चालणारी बस रस्त्यावर आली. तिच्या इंधनघटात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज आणि पाणी निर्माण होते. यातील ऑक्सिजनची क्रिया स्वभावतः मंद असल्याने तेथे प्लॅटिनम लागते. हा धातू महाग असून मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येतो. त्यात बचत करता आली, तरच असा घट सामान्य वाहनांस परवडेल.

येथे ग्रॅफीन उपयोगी पडेल अशी अपेक्षा आहे. एक ग्रॅम ग्रॅफीनचे दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सिद्धान्तानुसार २,६३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६ गुंठे भरते! एवढ्या विस्तारावर प्लॅटिनमचे सूक्ष्म कण पसरले तर थोडक्या धातूत पुष्कळ काम होते. दुसरा मार्ग अधिक धाडसी आहे: प्लॅटिनम वगळून ग्रॅफीनलाच उत्प्रेरक बनवावयाचे. निर्दोष ग्रॅफीन रासायनिक दृष्ट्या आळशी असते. परंतु जाळीत काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजनचे अणू बसविले, की विद्युत्भाराची वाटणी बदलते आणि ऑक्सिजनचा रेणू तेथे अडकू शकतो.

मात्र अशा निष्कर्षांची पारख कठोरपणे झाली पाहिजे. ग्रॅफाइटपासून बनविलेल्या ग्रॅफीनमध्ये मँगॅनीजसारख्या धातूंचे अंश राहतात, आणि श्रेय कोणाचे हा प्रश्न उभा राहतो. प्राग येथील संशोधकांनी २०२० मध्ये ग्रॅफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून पाहिली. तरीही उत्प्रेरणक्षमता वाढली! नुसती वाढ दिसणे पुरेसे नाही, हेच त्यांना दाखवावयाचे होते. कसोटी प्लॅटिनमशी, आणि तीही वाहनांच्या घटातील आम्लयुक्त परिस्थितीत, घ्यावयास हवी. तेथे केवळ नायट्रोजनयुक्त ग्रॅफीन बरेच मागे पडते. लोह व नायट्रोजन दोन्ही असलेला कार्बन प्लॅटिनमच्या अधिक जवळ जातो, पण त्याची शक्ती वापरात लवकर क्षीण होते.