खुर्चीवरचा वैमानिक

चष्म्यामुळे माझे वैमानिक होणे राहून गेले. ती हौस ‘आयएल-टू श्टुर्मोविक’ या २००१ सालच्या संगणकीय खेळाने भागवली. दुसऱ्या महायुद्धातले रशियन विमान आणि खुर्चीवर मी!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नेहमीचे पाठबळ संपले. अकरा माझ्या जुन्या संगणकावर चढेना, म्हणून लिनक्स घातले. खेळाला मात्र विंडोजच हवे. तिथे ‘वाइन’ धावून आले. (नावावर जाऊ नका, प्यायचे काही नाही.) १९९३पासून घडत असलेला हा दुभाषा, खेळ विंडोजकडे जे मागतो ते लिनक्सकडून आणून देतो. चित्रांसाठी डायरेक्टएक्सऐवजी ओपनजीएल निवडले. ते लिनक्सलाही समजते. दुभाष्याची तेवढी खेप वाचली.

जॉयस्टिक ओढली. चाकांनी जमीन सोडली. चष्मा पुसायलाही हात मोकळा नव्हता.