भुशाचा हिशोब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगडपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. नारळी-पोफळींचे पंचनामे झाले, भरपाईवर रकानेच्या रकाने लिहून आले. पण वाडीत मुळासकट पडलेल्या फणसाचं, आंब्याचं, सागाचं काय करायचं, हे ज्याचं त्याने पाहिलं. बहुतेकांनी सरपण केलं. काहींनी मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला दिलं. आणि थोड्या हौशी मंडळींनी, ज्यांत लॉकडाउनमुळे गावच्या घरी येऊन राहिलेले शहरवासीही होते, स्वतःची चेनसॉ घेतली.

याच मंडळींच्या मोबाइलवर त्या वर्षी आणखी दोन गोष्टी आल्या. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं २०१८चं परिपत्रक रद्द केलं आणि बिटकॉइन घेण्यासाठी बँकेतून पैसे पाठवणं पुन्हा शक्य झालं. ऑगस्टमध्ये सोनं तोळ्याला ५६ हजारांच्या आसपास गेलं. दिवसा लाकूड आणि रात्री भावांचे आलेख, असे दोन्ही नाद एकाच घरात लागलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. लाकडाची प्रत किंवा सोन्याचा भाव यांची चर्चा सगळे करतात. कापताना भुसा किती झाला, हे मोजणारा विरळा.

आधी लाकडाचं. तोडणं वेगळं आणि चिरणं वेगळं. तोडताना चेन धाग्यांना आडवी जाते, खोड दोन तुकडे होऊन पडतं. चिरताना ओंडक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीने जायचं असतं आणि चेनच्या दाताला सतत धाग्यांची उभी टोकं खावी लागतात. पूर्वी हे काम दोन माणसं करत. ओंडका मचाणावर, एक जण वर, एक जण खाली, मध्ये लांब करवत. आता त्यासाठी बारला अडकवायची एक चौकट मिळते. तिला अलास्कन मिल म्हणतात. ओंडक्याच्या पाठीवर सरळ शिडी किंवा चांगली सपाट फळी ठोकायची, चौकट तिच्यावरून सरकवत न्यायची, की पहिला सपाट काप मिळतो. पुढचे काप त्या सपाटीच्या आधाराने. काप मिटून बार अडकू नये म्हणून मागे पाचरी मारत जायचं. एवढंच तंत्र आहे, आणि तरी पहिल्या दिवशी बहुतेकांची फळी एका टोकाला दोन इंच आणि दुसऱ्या टोकाला सव्वा इंच निघते.

दोष मशीनचा नसतो. दापोलीकडचा एक जुना मिस्त्री नव्या माणसाला एकच वाक्य ऐकवतो: “मशीन नाय कापत भाऊ, चेन कापते.” बाजारात ५८-६२ सीसीची स्वस्त यंत्रं भरपूर आहेत. तोडायला ती पुरतात. वीस इंची ओंडका चिरायला मात्र ७० सीसीच्या वरचं इंजिन लागतं, कारण पूर्ण थ्रॉटलवर मिनिटामागून मिनिटं त्याला दम धरायचा असतो. पण ९० सीसीचं यंत्र आणि बोथट चेन यांपेक्षा ७० सीसीचं यंत्र आणि धारदार चेन केव्हाही बरी.

आजच्या चेनच्या दाताला एक किडा कारणीभूत आहे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहिली. ती लाकूड आडवंही खात होती आणि उभंही. जबडा डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने चालत होता. कॉक्सने तसेच एकाआड एक डावे-उजवे, वळणदार दात असलेली चेन केली. ज्या जातीच्या किड्यांनी आपलं छप्पर खाल्लं, त्यांच्यातल्याच एकाने हे हत्यार शिकवलं, म्हणजे देणं-घेणं फिटलं म्हणायचं.

त्या दाताची धार लावणं हा या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे. बार शिकंज्यात घट्ट धरायचा. चेनच्या मापाची गोल कानस घ्यायची. ३/८ इंची पिचला साधारण ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर, .३२५ला ४.८. कानस दातावर फक्त पुढे न्यायची, परत येताना उचलायची. पुढे-मागे घासली तर कानसही जाते आणि दातही. तोडायच्या चेनला दाताचा माथा ३० अंशांत तिरका असतो. चिरण्यासाठी हाच कोन १० अंशांपर्यंत सरळ करतात. कापण्याचा वेग थोडा कमी होतो, पण फळीचा पृष्ठभाग कितीतरी गुळगुळीत येतो. एका बाजूचे सगळे दात आधी, मग चेन फिरवून दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक दाताला कानशीचे फटके मोजून सारखे. उजवे दात डाव्यांपेक्षा आखूड झाले की चेन एका अंगाला ओढते आणि वर सांगितलेली दोन इंचाची सव्वा इंच फळी जन्माला येते. दोन-तीन वेळा धार लावून झाली की दातापुढचा छोटा उंचवटा सपाट कानशीने किंचित उतरवायचा. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तसाच ठेवला तर दात लाकडाला टेकतच नाही. फार उतरवला तर दात भसकन घुसतो, यंत्र हिसका मारतं आणि हा हिसका जीवघेणा ठरू शकतो.

धार गेली हे ओळखायला बोट लावावं लागत नाही. तोडताना चांगली चेन कपचे उडवते, बोथट चेन पीठ. चिरताना भुसा तसाही बारीक पडतो, पण यंत्र दाबावं लागायला लागलं, बारमधून जळका वास आला, की थांबायचं. सागात वाळूचा अंश असतो, सिलिका. त्यामुळे साग चेन लवकर मारतो. घराजवळच्या झाडात तर काय काय निघेल याचा नेम नाही: कपडे वाळत घालायच्या तारेचा खिळा, कुंपणाची काटेरी तार, झोपाळ्याचा हूक, सगळं झाडाने पोटात घेतलेलं.

बाकी निगा रोजची आहे. एअर फिल्टर झटकायचा, बारच्या खाचेतला भुसा पातळ पत्र्याने काढायचा, तेलाचं छिद्र मोकळं आहे ना पाहायचं, बार आलटून-पालटून वापरायचा म्हणजे एकच कड झिजत नाही. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे ५० ला १. जुन्या यंत्रांना जास्त लागतं, यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच खरं. तेलात कंजुषी केली की पिस्टन चिकटलाच. काम संपलं की गरम चेन सैल करून ठेवायची, कारण थंड होताना ती आक्रसते आणि शाफ्टवर ताण देते. पावसाळ्यात टाकी रिकामी, कारण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल कोकणच्या हवेतली ओल ओढून घेतं. कानावर ढापणं, डोक्यावर शिरस्त्राण, पायात जाड बूट. चपला घालून चेनसॉ चालवणारे मी पाहिलेत. त्यांची बोटं शाबूत आहेत ही देवाची कृपा.

आता भुसा. चेनसॉचा प्रत्येक काप ८ ते १० मिलिमीटर लाकूड खातो. वखारीतला पट्ट्याचा आरा दोन-तीन मिलिमीटर खातो. एक इंची फळ्या, म्हणजे २५ मिलिमीटर, पाडल्या तर दर फळीमागे ९ मिलिमीटर भुशात. चौथाई लाकूड गेलं. त्याच ओंडक्यातून दोन इंची जाड फळ्या काढल्या तर नुकसान १५ टक्क्यांवर येतं. म्हणून जाणता माणूस चेनसॉने पातळ फळ्या पाडतच नाही. कमी काप, जाड काप; पुढचं बारीक काम सुताराच्या मशीनवर.

हाच हिशोब सोन्याला लावून पाहा. एक लाखाच्या सोन्याचा दागिना. घडणावळ १२ टक्के धरू, म्हणजे १,१२,०००. त्यावर तीन टक्के जीएसटी, एकूण १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर हातात फार तर सोन्याचा लाख, तोही घट कापून. सव्वातेरा टक्क्यांच्या घरात पहिल्याच कापात गेले, जवळजवळ दोन इंची फळीइतकेच. आणि आपल्याकडे सोनं एकदा कापून थांबत नाही. पाटल्यांच्या बांगड्या, बांगड्यांचा हार, हाराचं सुनेला काहीतरी. दरवेळी नवी घडणावळ. दागिना हौसेसाठी घ्यावा, अंगावर घालावा, पण तो गुंतवणुकीच्या वहीत लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाणं किंवा वळं घेतलं तर घडणावळ पुष्कळ कमी. गोल्ड ईटीएफमध्ये ती नाहीच, वर्षाचा छोटासा खर्च तेवढा असतो. सगळ्यांत कमी भुसा सरकारी सुवर्णरोख्यांत होता. नोव्हेंबर २०१५चा पहिला रोखा ग्रॅमला २,६८४ रुपयांनी निघाला आणि आठ वर्षांनी ६,१३२ने परत आला, शिवाय दरसाल पावणेतीन टक्के व्याज. भाव चढल्यावर हे सरकारला परवडेना. फेब्रुवारी २०२४नंतर नवा रोखा निघालेला नाही. दागिना घ्यायचाच तर त्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवा, आणि तो बीआयएसच्या ॲपवर टाकून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

चांदीचं थोडक्यात: भाव सोन्यापेक्षा जास्त उसळतो आणि जास्त आपटतो. टेक्सासच्या हंट बंधूंनी बाजारातली चांदी गोळा करत भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास नेला होता. नंतर तो घसरत गेला आणि २७ मार्च १९८० रोजी ११ डॉलरच्या खाली आला.

क्रिप्टोत भुसा डोळ्यांना दिसत नाही. १ एप्रिल २०२२पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर उपकर. तोटा कशातूनही वजा होत नाही. एका नाण्यात ४० हजार गमावले, दुसऱ्यात ४० हजार मिळवले. घरात आलं शून्य, तरी १२,४८० रुपये कर भरायचा. शिवाय प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. तो विवरणपत्र भरल्यावर हिशोबात धरला जातो खरा, पण तोवर अडकतो. सगळी रक्कम विकायची आणि पुन्हा घ्यायची, असं पन्नास वेळा केलं तर भाव जागचा हलला नाही तरी शंभरातले साठच हातात खेळते राहतात. रात्री झोप येत नाही म्हणून ॲप उघडून घे-वीक करणारा माणूस एक इंची नव्हे, पाव इंची फळ्या पाडत असतो. बिटकॉइन स्वतः चांगलं की वाईट हा वाद बाजूला ठेवू. नोव्हेंबर २०२१मध्ये ते ६९ हजार डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात १६ हजारांच्याही खाली गेलं. ज्याने थोडंच घेऊन विसरून ठेवलं त्याला नंतर भाव परत दिसला; ज्याने मध्ये दहा काप मारले त्याचा भुसा झाला.

आणि काही ठिकाणी तर ओंडकाच नसतो. १९९०च्या दशकातल्या साग लागवडीच्या योजना वयस्कर वाचकांना आठवत असतील. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी तुमच्या नावाचं सागाचं झाड तुम्हाला लखपती करील. वीस वर्षांच्या सागाला गाभा किती धरतो आणि बाहेरचं पांढरं लाकूड किती असतं, हे एखाद्या सुताराला विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स १९९८मध्ये कोसळली. सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम १९९९च्या ऑक्टोबरात आणले, तोवर बरेच जण झाडासकट पैसे हरवून बसले होते. पुढच्या पिढीला गेनबिटकॉइन भेटलं: महिन्याला दहा टक्के, अठरा महिने. पुणे पोलिसांनी २०१८मध्ये मुख्य आरोपीला पकडलं, तेव्हा फिर्यादींत पुण्याचेही बरेच गुंतवणूकदार होते.

खरं लाकूड हातात असलं तरी घाई चालत नाही. चिरलेल्या फळ्या लगेच वापरल्या तर पिळवटतात. टोकांना रंग फासायचा म्हणजे तिथून भेगा जात नाहीत, मग सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून थप्पी रचायची, वर वजन आणि पावसापासून आडोसा. जाडीच्या एका इंचाला एक वर्ष, असा जगभरचा ढोबळ ठोकताळा आहे. त्याआधीचं कागदपत्रही विसरू नये. महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही सगळी आपली घरची झाडं आहेत. झाड आपल्या सातबाऱ्यावर असलं तरी तोडायला परवानगी आणि लाकूड हलवायला वाहतूक पास लागतो. वाऱ्याने पडलेलं झाडही चिरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन यावं.

जपणुकीत क्रिप्टोचं दुखणं वेगळंच. एक्स्चेंजवर ठेवलं तर ते दुसऱ्याच्या वखारीत ठेवल्यासारखं. जुलै २०२४मध्ये वझीरएक्सवर सायबर दरोडा पडला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, ग्राहकांची खाती गोठली. स्वतःकडे ठेवायचं तर बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली कागदावर लिहून ठेवावी लागते. कोकणातल्या घरात कागद म्हणजे वाळवीला आमंत्रण. म्हणून हे शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून ठेवणारे लोक आहेत, आणि ते वेडे नाहीत. मात्र ती पट्टी कुठल्या फडताळात आहे, हे घरातल्या आणखी एकाला ठाऊक हवं. पोराला बापाचा चेनसॉ कोपऱ्यात सापडतो, आईच्या पाटल्या डब्यात सापडतात. चोवीस शब्द कुणी सांगितल्याशिवाय सापडत नाहीत.